मामांच्या चिरुटांना बुरशी आली आहे, गणपतीपर्यंत काय करू?

मुलुंडचा_मुसाफिर (रविवार, रात्री १०.४०)

मंडळी, आधीच सांगून ठेवतो, मी ओढत नाही. सिगरेट नाही, बिडी नाही, चिरूट तर नाहीच. पण सध्या माझ्या ताब्यात ३१ चिरूट आहेत आणि त्यातल्या निदान अकरांवर पांढरं काहीतरी उगवलंय.

झालं असं. आमचे मामा बोटीवर चीफ इंजिनिअर होते, आता निवृत्त. एप्रिलमध्ये ते आणि मामी कॅनडाला लेकीकडे गेले. जाताना त्यांनी त्यांची चिरुटांची पेटी माझ्याकडे ठेवायला दिली. ह्युमिडॉर म्हणतात तिला. बाहेरून चकचकीत, आतून लालसर लाकूड, झाकणाला आतल्या बाजूने एक काळी डबी, तिच्यात स्पंज. शेजारी आतल्या हवेचा ओलावा टक्क्यांत दाखवणारा, घड्याळासारखा एक गोल मीटर. हुकूम एवढाच होता: "दर रविवारी स्पंज ओला करायचा. काटा सत्तरवर राहिला पाहिजे. बाकी हात लावू नकोस."

मी सोळा रविवार इमानदारीत स्पंज ओला केला. आरओचं पाणी वापरलं, नळाचंसुद्धा नाही. काटा कायम सत्तरच्या आसपास. आज झाकण उघडलं तर ओल्या गोणपाटाचा वास. अकरा चिरुटांवर पांढरे ठिपके. त्यातल्या चारांच्या पेटवायच्या टोकाला हिरवट लव आहे, आत शिरल्यासारखी वाटते. पेटीच्या एका कोपऱ्यात लाकडावर काळे ठिपके.

गुगलवर एक पार्टी म्हणते ही बुरशी आहे, फेका. दुसरी पार्टी म्हणते ही चिरूट मुरल्याची खूण आहे, नशीबवान आहात. मामा गणपतीला परत येतायत. माझ्याकडे १९ दिवस आहेत. काय करू?

सौ_खवचट (रात्री १०.५२)

सोळा रविवार! अहो, सोळा सोमवार केले असते तर काहीतरी पदरात पडलं असतं.

पापडखार (रात्री १०.५८)

त्यात काय एवढं. उन्हं दाखवा. पापडाला, डाळीला, गाद्यांना लागू पडतं ते चिरुटाला का नाही?

अळणी (रात्री ११.०५)

फेकून द्या. मामांचं आयुष्य वाढेल. धागा संपला.

मुलुंडचा_मुसाफिर (रात्री ११.१०)

@अळणी, पेटी त्यांची, चिरूट त्यांचे, आयुष्यही त्यांचंच. मी नुसता राखणदार.

धूरंधर (रात्री ११.३४)

पुण्यात बारा वर्षं हा नाद सांभाळतोय, थोडं कळतं म्हणून लिहितो.

आधी ती 'मुरल्याची खूण' निकालात काढू. इंग्रजीत त्याला प्लूम किंवा ब्लूम म्हणतात. चिरुटातली तेलं वर्षानुवर्षांत पृष्ठभागावर येतात, त्यांची पांढरी पूड दिसते, असा जुन्या शौकिनांचा दावा. मीसुद्धा दहा वर्षं तेच मानत होतो आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवत होतो. मग एकाने मायक्रोस्कोपखाली धरलं. तंतू निघाले. तेव्हापासून पांढरं दिसलं की मी ते बुरशी धरूनच चालतो. माझ्या पेटीत मला खरा प्लूम आजवर सापडलेला नाही.

आणि तुमच्या बाबतीत तर शंकाच नको. ठिपके गोल, हिरवट लव, कुबट वास, लाकडावर काळं. चार महिन्यांत काही मुरत नाही, मुरांबासुद्धा धड नाही.

आता प्रश्न असा की काटा सत्तरवर असताना हे झालं कसं. सत्तरला चिरूट सहसा बुरसत नाहीत. तुमचा मीटर खोटं बोलतोय असा माझा संशय आहे. मिठाची परीक्षा घ्या, कुणीतरी सविस्तर लिहीलच.

तोवर: स्पंजाची डबी काढून टाका. पांढरे चिरूट वेगळ्या डब्यात, बरे दिसणारे वेगळ्या डब्यात. पेटी रिकामी करा. उन्हात ठेवू नका.

द्राक्षवेल (सोमवार, सकाळी ६.१५)

नाशिककडचा आहे, चिरूट बघितलेत फक्त सिनेमात. पण प्लूमवरून वाद चाललाय म्हणून राहवेना. आमच्याकडे द्राक्षाच्या मण्यावर पांढुरका थर असतो, शहरातली माणसं औषध समजून घासून घासून धुतात. तो मण्याचा स्वतःचा मेणचट थर आहे, सगळीकडे सारखा असतो, बोट फिरवलं की पुसला जातो. आणि भुरी रोग येतो तोही पांढराच. पण तो डागाडागाने येतो, एका जागी जास्त, एका जागी काहीच नाही, आणि पुसला तरी खाली मण्यावर करडा डाग राहतो. माल तोच, पांढरं तेच, भावात जमीनअस्मानाचा फरक. तुमच्या चिरुटावर सारखं आहे की ठिपक्याठिपक्याने, एवढं बघा.

फोकसवाला (सकाळी ९.२०)

द्राक्षवेल, काय नेमकं लिहिलंत राव.

मुसाफिर, मोबाइलचा मॅक्रो मोड लावा, खिडकीपाशी तिरप्या उजेडात फोटो काढा. पूड असेल तर कण दिसतील, बुरशी असेल तर केसासारखे तंतू. माझी एक लेन्स पावसाळ्यात अशीच गेली. बॅगेत घालून बॅग कपाटात, कपाट ओल आलेल्या भिंतीला टेकून. सप्टेंबरमध्ये काढली तर काचेच्या आत कोळ्याचं जाळं. तेव्हापासून कॅमेऱ्यांसाठी ड्राय कॅबिनेट घेतलं, ४५ टक्क्यांवर असतं.

मोल_मास्तर (सकाळी ११.०२)

मिठाची परीक्षा माझ्या विषयातली, तेव्हा तास घेतो. मागच्या बाकावरच्यांनी डबे बंद करा.

बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या. त्यात थेंब थेंब पाणी घाला. मीठ विरघळता कामा नये, चौपाटीवरच्या ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे. हे झाकण आणि तुमचा मीटर, दोन्ही एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पाणी मीटरला लागू देऊ नका. आठ-दहा तास हात लावू नका, रात्रभर राहिलं तर उत्तम. त्या डब्यातल्या हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के होते. आपल्या घरच्या तापमानात ती जवळपास हलत नाही, म्हणून ही परीक्षा प्रयोगशाळेतही चालते. मीटर ७५ दाखवत नसेल तर जेवढा फरक तेवढी त्याची चूक.

यातून एक घरगुती गोष्ट निघते. हवेतली आर्द्रता ७५च्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळायला लागतं. आपण म्हणतो 'मिठाला पाणी सुटलं'. खरं तर ते सुटत नाही, येतं. खडेमिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात म्हणून ते आणखी आधी ओलं होतं, पण टेबल सॉल्ट ओलं झालं तर सरळ समजावं की घरात ७५च्या वर आहे. म्हणजे तुमच्या जेवणाच्या टेबलावर एक मीटर आधीच आहे, काटा अडकत नसलेला.

मुसाफिर, जुलैत तुमच्या घरी मिठाची काय अवस्था होती?

मुलुंडचा_मुसाफिर (दुपारी १.१५)

मीठदाणीत तांदूळ घालून ठेवले होते तरी गोळा झाला होता. हिने शेवटी चमच्याने खणून काढलं.

अरेरे. म्हणजे बाहेर ऐंशी-नव्वद, आणि मी आत आणखी पाणी ओततोय.

एडिसनकर (संध्याकाळी ६.४०, तुमच्याकडची)

हाच तर मुद्दा आहे. ह्युमिडॉर ही वस्तू कोरड्या घरांसाठी जन्माला आली. इथे न्यू जर्सीत जानेवारीत हीटिंग सुरू असताना घरात २५-३० टक्के आर्द्रता असते, ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला की शॉक बसतो. चिरूट बाहेर ठेवला तर काही दिवसांत पापुद्रे सुटतात. म्हणून लाकडी पेटी, आत ओलावा. क्युबात तंबाखू पिकतो तिथली हवा चिरुटाला सोसते, लंडन-न्यूयॉर्कची सोसत नाही. पेटीने तिथली हवा इथे आणायची.

मुंबईत जूननंतर उलटं. तिथे पेटीने बाहेरची हवा बाहेर ठेवायची असते, आणि ते काम लाकडी पेटीला जमत नाही. लाकूड बाहेरचाही ओलावा पितं, झाकणाची फट जरा सैल असली की संपलं. कॅनडात मामांना कुणी ह्युमिडॉर भेट दिला तर तो मस्त चालेल. मुलुंडमध्ये तो लोणच्याची फुटकी बरणी आहे.

उन्हाळी_वऱ्हाडी (संध्याकाळी ७.२८)

सगळा महाराष्ट्र मुंबई नाही बरं भाऊ. नागपुरात मे महिन्यात या. बाहेर ४५, घरात कूलर लावला तर दमट, बंद केला तर कोरडं ठणठणीत. माझ्या चुलतभावाने दुबईहून पाच आणले होते, कपाटात ठेवले नि विसरला. जूनमध्ये काढले तर एका चिरुटाचं वरचं पान उभं चिरलेलं, हातात घेतला तर चुरा. आमच्याकडे बुरशीसाठी नवस करावा लागेल.

सुशेगाद (रात्री ८.१०)

पणजीत राहतो. मी लाकडी पेटीचा नाद सोडून दिला कधीच. थर्माकोलचा मोठा आईसबॉक्स, झाकण घट्ट, आत ६५ टक्क्यांची पाकिटं. बोवेडा नावाची मिळतात, ६२, ६५, ६९, ७२ असे आकडे छापलेले असतात. कमी झालं तर ओलावा सोडतात, जास्त झालं तर शोषतात. पावसाळ्यात फुगून तट्ट होतात, मग बदलायची. दिसायला बॉक्स सुक्या मासळीचा वाटतो, पण गेल्या तीन पावसाळ्यांत एकसुद्धा ठिपका नाही.

सौ_खवचट (रात्री ८.१४)

वासही मासळीचा येतो का?

सुशेगाद (रात्री ८.१९)

पहिल्या वर्षी आला होता बाई. आईने चुकून त्यात बांगडे ठेवले होते.

मोल_मास्तर (रात्री ८.४५)

सुशेगाद म्हणतात ती पाकिटं म्हणजे आपला मिठाचाच प्रयोग, पिशवीत बंद केलेला. आत क्षाराचं संपृक्त द्रावण असतं, वरचं आवरण वाफ जाऊ देतं पण पाणी जाऊ देत नाही. वेगळा क्षार घेतला की वेगळा आकडा. साध्या मिठाचा ७५, मॅग्नेशियम क्लोराइडचा ३३च्या आसपास.

सिलिका जेल मात्र घालू नका. त्याला थांबायचं कुठे हे कळत नाही. बुटाच्या खोक्यातल्या पुड्या जमवून कुणी घातल्या तर मुलुंडचे चिरूट नागपूरचे होतील.

मुलुंडचा_मुसाफिर (मंगळवार, सकाळी ८.०५)

परीक्षेचा निकाल. रात्रभर डब्यात मीठ आणि मीटर. सकाळी काटा ५८वर!

दुसरं, मॅक्रो फोटो काढला. फोकसवाले, केस आहेत. बारीक, पांढरे, टोकाला बिंदू. सारखा थर नाही, डाग आहेत. द्राक्षवेल यांच्या भाषेत भुरी. जेवण गेलं नाही.

तिसरं, कबुली. धूरंधर यांनी नको म्हटलं असूनही काल दुपारी लख्ख ऊन पडलं म्हणून पापडखार यांचं ऐकून रिकामी पेटी बाल्कनीत ठेवली. पाऊण तासाने पाऊस आला. मी मीटिंगमध्ये होतो.

मोल_मास्तर (सकाळी ८.३०)

७५च्या जागी ५८. म्हणजे १७ची चूक. तुम्ही ७० वाचत होतात तेव्हा आत ८७च्या घरात होतं. चूक प्रत्येक आकड्याला अगदी सारखी नसते, पण पाच इकडेतिकडे झाले तरी बुरशीला फरक पडत नाही. तुम्ही काट्याला खूश ठेवत होतात आणि बुरशीची पंगत वाढत होतात.

पापडखार (सकाळी ९.००)

मी उन्हाचं सांगितलं होतं, पावसाचं नाही.

रंधा (सकाळी ९.४८)

पेटीबद्दल मी बोलू का, लाकूडकाम हा माझा छंद आहे.

उन्हात ठेवायची नाही ती वेगळ्या कारणाने. आतलं लाकूड पातळ असतं, एका बाजूने तापलं की वाकतं, मग झाकण बसत नाही. भिजली असेल तर पंख्याखाली, झाकण उघडं, दोन-तीन दिवस. घाई करू नका.

ते लालसर लाकूड बहुतेक 'स्पॅनिश सीडर' असणार. नाव सीडर, पण ते सीडर नाही आणि स्पेनचंही नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, महोगनीच्या कुळातलं. आपल्याकडचा तूण हा त्याचा जवळचा भाऊबंद, दोघांना एकेकाळी एकाच वंशात धरायचे. हे सांगायचं कारण माझी फजिती. चार वर्षांपूर्वी एका मित्राला पेटी करून देत होतो. सीडर म्हणजे देवदार एवढं ठाऊक होतं. देवदाराच्या फळ्या आणल्या, सांधे असे बसवले की केस जाऊ नये. महिन्याने मित्राचा फोन, चिरूट ओढला तर रंगाच्या दुकानात बसल्यासारखं वाटतंय. देवदार सूचिपर्णी, अंगात राळ भरलेली. सगळा वास तंबाखूने प्यायला. ती पेटी आता त्याच्या बायकोकडे आहे, शाली ठेवते, एकाही शालीला कसर लागलेली नाही.

काळ्या ठिपक्यांसाठी: आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९० टक्क्यांच्या वरचं. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे 'आयपीए' म्हणून मागा, बाटली मिळते. फडक्यावर घेऊन पुसायचं, ओतायचं नाही. खिडक्या उघड्या, जवळपास निरांजन-उदबत्ती नको. थिनर, फिनेल, व्हिनेगर, डेटॉल यातलं काहीही लाकडाला लावू नका, वास जन्मात जाणार नाही. डाग राहिला तर २२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने, रेघांच्या दिशेने. वॉर्निश मात्र आत कधीच नाही.

डॉ_लिंबूटिंबू (दुपारी २.१०)

पेटीची काळजी सगळे घेताय, मुसाफिरांच्या फुप्फुसांची कुणी घेत नाही म्हणून लिहितो. हे सगळं मास्क लावून, घराबाहेर किंवा बाल्कनीत करा. पंख्याखाली बुरशी झटकली तर बीजाणू घरभर होतील. घरात दम्याचं कुणी असेल तर दुसऱ्याला सांगा.

आणि माझं मत विचाराल तर ठिपके आलेला एकही चिरूट ओढू नये. 'जळताना मरतेच की' हा युक्तिवाद क्लिनिकमध्येही ऐकलाय. जळतं ते टोक. हवा येते न जळलेल्या चार इंचांतून, आणि तिच्याबरोबर तिथलं सगळं येतं. तंबाखू स्वतः काय करतो ते वेगळंच. चिरुटाचा धूर आत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, असंही कुणी समजू नये; तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर त्यानेही होतो.

धूरंधर (दुपारी ३.०५)

डॉक्टरांशी तंबाखूवर वाद घालणार नाही, हरलेली केस आहे. पण सगळेच फेका हे मला पटत नाही. चिरुटाचं वरचं पान शाबूत असेल, ठिपके फक्त वर असतील, पुसल्यावर खाली डाग नसेल, तर बहुतेक जण पुसतात आणि ठेवतात. मीही ठेवले आहेत. पेटवायच्या टोकातून आत शिरलेली असेल तर मात्र पाल्यापाचोळ्यात. तिथे पानांच्या कडा उघड्या असतात, बुरशी किती खोल गेली ते बाहेरून कळत नाही. हिरवी, काळी, निळी, काहीही रंगीत असेल तरी तेच.

म्हणजे तुमचे ते चार गेले. सात पुसून बघा. मऊ कोरडा ब्रश, मग स्वच्छ सुती कापड. काही जण कापडावर थेंबभर अल्कोहोल घेतात, मी घेत नाही. पुसलेले सात आणि निरोगी वीस एकत्र ठेवू नका, दोन डबे. घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे, आधी धुऊन पूर्ण वाळवलेले, तिखटामिठाचे नकोत. प्रत्येकात ६५चं एक पाकीट. दोन आठवडे बघा. सातांपैकी ज्यावर परत उगवेल तो बाद.

डॉ_लिंबूटिंबू (दुपारी ३.२०)

असहमत. पण निदान मामांना सांगून तरी ठेवा. त्यांचं फुप्फुस, त्यांचा निर्णय.

अळणी (दुपारी ३.२२)

मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

पत्रावळ (दुपारी ४.५०)

मी म्हणते एवढं सगळं करण्यापेक्षा फ्रिजमध्ये का नाही ठेवत? आम्ही रवा, बेसन, डाळी, सगळं पावसाळ्यात फ्रिजमध्येच टाकतो.

धूरंधर (संध्याकाळी ५.३०)

ताई, नुसते ठेवले तर दोन त्रास. हल्लीचे बर्फ न साचणारे फ्रिज आतली हवा फार कोरडी करतात. आणि तंबाखू वास पितो. शेजारी चिरलेला कांदा असेल तर मामा अर्धा चिरूट झाल्यावर पोहे मागतील.

फ्रीझरचं काम वेगळं. मुसाफिर, चिरुटांवर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं आहेत का बघा. बुरशी परवडली, पण भोकं म्हणजे तंबाखूचा किडा. जरा उबारा मिळाला, पंचवीस अंशांच्या वर गेलं, की अंडी फुटतात, आणि आपल्याकडे पंचविसाच्या खाली असतंच कधी? झिपलॉकच्या दोन पिशव्यांत घालून तीन-चार दिवस फ्रीझर, मग एक दिवस खालच्या कप्प्यात, मग बाहेर. थेट बाहेर काढले तर दव धरतं आणि पान तडकतं.

पत्रावळ (संध्याकाळी ६.०२)

तपकिरी, गोलसर, डोकं खाली घातल्यासारखा? हळकुंडात आणि धन्यात होतो तोच दिसतोय. आई डब्यात लवंगा टाकायची.

मोल_मास्तर (संध्याकाळी ६.२०)

तोच. हळद, मिरची, धने, तंबाखू, त्याला काही वर्ज्य नाही. आपल्याइतकाच चवीचा.

चकली_सोऱ्या (रात्री ९.१५)

अवांतर: चिरूट हा शब्द मला अस्सल मराठी वाटायचा, चिरगूट, चिरमुरे यांच्या पंगतीतला. तो तमिळ 'सुरुट्टु'वरून आलाय, म्हणजे गुंडाळलेलं. इंग्रजांनीही तोच उचलून 'शरूट' केला. माझे पणजोबा रेल्वेत होते, ते त्रिचनापल्लीचे चिरूट मागवायचे. दोन्ही टोकं कापलेली, काळे, सरळसोट. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे, आणि पावसाळ्यात तो डबा चुलीच्या वरच्या फळीवर जायचा. मीटर नाही, स्पंज नाही.

सौ_खवचट (रात्री ९.२१)

चुलीची धग, म्हणजे कोरडं. पणजोबांना कळलं ते चीफ इंजिनिअरांना नाही. कृपया हलके घ्या.

मुलुंडचा_मुसाफिर (शनिवार, रात्री ११.३०)

प्रगती. आज मास्क लावून बाल्कनीत बसलो. जुना दाढीचा ब्रश, नवाकोरा धुऊन घेतलेला रुमाल. चौथ्या चिरुटापर्यंत मी त्यांना नावं दिली होती. बोटांत धरायचे तर दाबायचे नाहीत, सोडायचे तर घरंगळतात, आणि वरचं पान इतकं पातळ की कांद्याचं साल जाड वाटावं. दोनावर ब्रश फिरवल्यावर खाली तपकिरीपेक्षा गडद डाग दिसला, बुडाशी ओल लागल्यासारखा. ते दोन चारांच्या वाटेने गेले. भोकं कुठेच नाहीत, देव पावला.

म्हणजे हिशोब: ३१ पैकी ६ गेले, ५ विलगीकरणात, २० निरोगी. आणि एक नवीन डिजिटल मीटर घेतला. मिठाच्या परीक्षेत ७४ दाखवतो. हुशार पोरगा.

पेटी तीन दिवस पंख्याखाली होती. आयपीएने पुसली, कोपऱ्यातला डाग पॉलिश पेपरने निम्मा गेला. झाकण उजव्या बाजूला केसभर उचललेलं वाटतं. पावसाचा प्रसाद. रंधा, काही होईल का?

रंधा (रविवार, सकाळी ७.५५)

अंधारात टॉर्च लावून पेटीत ठेवा, झाकण लावा. उजेडाची रेघ बाहेर दिसली तर फट आहे. थोडी असेल तर पूर्ण वाळल्यावर बसेल. जबरदस्तीने दाबून, वर वरवंटा ठेवू नका. लोक ठेवतात.

मुलुंडचा_मुसाफिर (सकाळी ८.०१)

वरवंटा आत्ता खाली उतरवला.

एडिसनकर (संध्याकाळी ५.१०)

एक राहिलं. मामा परत आल्यावर ऑक्टोबरनंतर लाकडी पेटी परत वापरायला काढतील. तेव्हा आतून ओल्या फडक्याने पुसायचा जुना सल्ला आहे, तो पाळू नका, लाकूड भिजतं आणि सगळं पुन्हा सुरू. ८४ टक्क्यांचं पाकीट घालून दोन आठवडे रिकामी बंद ठेवायची, लाकूड हळूहळू मुरतं. स्पंज वापरायचाच असेल तर डिस्टिल्ड पाणी. तुमचं आरओचं पाणी प्यायला ठीक, पण ते डिस्टिल्ड नव्हे.

फोकसवाला (संध्याकाळी ५.४४)

पेट्रोल पंपावर बॅटरीचं मिळतं ते चालेल का?

मोल_मास्तर (संध्याकाळी ६.००)

बाटलीवर डिस्टिल्ड लिहिलं असेल आणि सील शाबूत असेल तर क्षारांपुरतं चालेल. पण जून ते सप्टेंबर कुठलंच पाणी नको. इतके दिवस हाच धडा शिकवतोय.

मुलुंडचा_मुसाफिर (गणेश चतुर्थी, रात्री ११.५०)

मामा परवा पहाटे उतरले. आरती झाल्यावर आज विचारलंच, "पेटी कुठाय?"

पेटी रिकामी दाखवायची हिंमत झाली नाही म्हणून मी सकाळीच आत ६५ची पाकिटं घालून निरोगी वीस आणि पाच मांडून ठेवले होते. विलगीकरणातल्या पाचांवर तेरा दिवसांत काही उगवलं नाही, पण ते वेगळ्या थरात, कागदावर. टॉर्चची रेघ अजून उजवीकडे दिसते, झाकणाची ती बाजू मी भिंतीकडे केली.

मामांनी झाकण उघडलं. आधी नाक आत घातलं. मग एक उचलला, कानापाशी धरून बोटांत किंचित फिरवला, ठेवला. मग मोजले. मामी, ही, आई, सगळे मोदकांची ताटं घेऊन बघत उभे.

"पंचवीस आहेत. सहा कुठे गेले?"

मी मीटर, मीठ, सत्तर आणि सत्त्याऐंशी, सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. तोंड उघडायच्या आत मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू, बोटीवर पोरगा पहिल्यांदा इंजिन रूममध्ये उतरल्यावर बघत असतील तसं. खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कधीपासून ओढायला लागलास?"

मामी म्हणाल्या, "लावलीत ना पोराला सवय!"

ही आत निघून गेली आहे. आई बोलत नाहीये. मी सगळं खरं सांगितलं, मीठ दाखवलं, फोटो दाखवले. मामांना पटलं. बाकी कुणालाही नाही.

सौ_खवचट (रात्री ११.५६)

मॅक्रो फोटो दाखवा त्यांना, केस असलेला.

मुलुंडचा_मुसाफिर (रात्री ११.५८)

दाखवला. ही म्हणाली, असले ओढत होतास?